व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या हाताला काम: आयसीयूतल्या ऑक्युपेशनल थेरपीची पार्श्वभूमी

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यातून जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग येऊ लागले. संशयितांचा आकडा २०० च्या पुढे गेला आणि बऱ्याच जणांना व्हेंटिलेटर लागला. या आजारात हातपाय लुळे पडतात, श्वासाचे स्नायूही दमतात, पण डोकं लख्ख जागं असतं. नाकाला खाज सुटली तरी सांगता येत नाही आणि खाजवताही येत नाही. अशा माणसाचा दिवस जायचा कसा, हा प्रश्न आयसीयूइतकाच जुना आहे.

१९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हाताने फुगा दाबत श्वास देण्याची पद्धत तिथे रुजवली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून तासन् तास फुगे दाबत बसत. पुढच्या वर्षी इब्सेनने तिथेच आयसीयूची सुरुवात केली. त्या साथीतल्या कित्येक रुग्णांना श्वास घेता येत नसला तरी शुद्ध होती. व्हेंटिलेटर म्हणजे गुंगी हे समीकरण नंतरचं आहे. १९७५ मध्येसुद्धा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना चालवण्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं जात होतं.

आपल्याकडेही ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांची पायाभरणी कोपनहेगनच्या साथीच्या सुमारासच झाली. मूळच्या अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. अखिल भारतीय संघटना १९५२ ची. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर यांच्या नावाची शाळा आहे, पण त्यांचं हे काम फार थोड्यांना ठाऊक असतं.

मग पुढची काही दशकं गुंगीची गेली. गुंगीची औषधं सुटसुटीत झाली, सतत ठिबकत ठेवता येऊ लागली. रुग्ण शांत झोपलेला दिसला की सगळ्यांनाच बरं वाटायचं. किंमत घरी गेल्यावर कळायची. एआरडीएसमधून, म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होण्याच्या गंभीर आजारातून वाचलेल्या १०९ जणांचा कॅनडातला अभ्यास २००३ मध्ये आला. वर्षभरानंतर त्यातले जेमतेम निम्मे कामावर परतले होते आणि अडचण फुप्फुसापेक्षा स्नायूंच्या अशक्तपणाची जास्त होती.

उलट फिरायला सुरुवात झाली ती शिकागोत. गुंगीचं औषध रोज एकदा थांबवून रुग्णाला जागं होऊ दिलं, तर व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर येतात, हे २००० मध्ये दिसलं. या जाग्या वेळेचा उपयोग कशासाठी करायचा, याचं उत्तर २००९ मध्ये मिळालं. शिकागो आणि आयोवातल्या १०४ रुग्णांपैकी एका गटाला नळी घातल्यापासून साधारण दीड दिवसात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी मिळाली, दुसऱ्याला आठवड्याभराने. डिस्चार्जच्या वेळी पहिल्या गटातले ५९ टक्के आपलं आपण करू शकत होते, दुसऱ्यातले ३५ टक्के. भ्रमाचे, म्हणजे आजारपणात भान सुटून गोंधळल्यासारखं होण्याचे (डेलिरियम) दिवस चारावरून दोनवर आले.

‘आपलं आपण’ म्हणजे काय, हे त्या अभ्यासाने मोजून ठरवलं होतं: अंघोळ, कपडे, जेवण, दात-केस, शौच, पलंगावरून खुर्चीत येणं आणि चालणं. ही यादी ऑक्युपेशनल थेरपिस्टची आहे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर प्रत्येक सांध्याच्या दहा-दहा हालचाली करून द्यायच्या. डोळे उघडून सांगितलेलं करू लागला की हालचालीत त्याचा वाटा वाढवायचा, मग कुशीवर वळणं, पलंगाच्या कडेला बसणं, तोंड पुसणं. ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली गेला, नाडी ४० च्या खाली किंवा १३० च्या वर गेली, सरासरी रक्तदाब ६५ च्या खाली उतरला, तर तिथेच थांबायचं. जीबीएसमध्ये रक्तदाब बसवताक्षणी कोसळू शकतो. म्हणून पलंगाचं डोकं ३०, ४५, ६० अंश असं टप्प्याटप्प्याने उचलून दर टप्प्यावर मोजलेला बरा.

दात घासण्याचंच बघा. ब्रशच्या दांड्याला स्पंज गुंडाळून तो जाड करतात, कारण सुजलेल्या, अशक्त बोटांची मूठ पूर्ण मिटत नाही. कोपराखाली उशी देतात, म्हणजे खांद्याला सगळा हात तोलावा लागत नाही. नळीला धक्का बसू नये म्हणून सिस्टर ती धरून उभी राहते. आठ-दहा वेळा ब्रश फिरवला तरी रुग्ण दमतो, तिथे थांबायचं. हे बहुतेक वेळा फसतं ते साध्या कारणांनी. थेरपिस्ट येतो तेव्हा नेमकी गुंगी चालू असते, किंवा चष्मा आणि कानाचं यंत्र नातेवाइकांनी ‘हरवेल’ म्हणून घरी नेलेलं असतं. ज्याला नीट दिसत-ऐकू येत नाही त्याचा भ्रम वाढणारच.

चिलीत ६० वर्षांपुढच्या, व्हेंटिलेटरवर नसलेल्या १४० रुग्णांपैकी एका गटाला दिवसातून दोनदा असे उपचार दिले, तेव्हा त्या गटात भ्रमाचं प्रमाण ३ टक्के राहिलं, दुसऱ्यात २० टक्के. हा निकाल २०१७ चा. मात्र ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे खरं नाही. २०२२ मध्ये ७५० रुग्णांच्या अभ्यासात रोजची हालचाल सुमारे ९ मिनिटांवरून २१ मिनिटांवर नेली. फायदा दिसला नाही, उलट अपाय ४.१ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर गेले. आमच्या मते मिनिटं वाढवण्यापेक्षा लवकर सुरुवात आणि कामाचा अर्थ महत्त्वाचा.

पुण्यात आयसीयूत फिजिओथेरपिस्टचा चेहरा ओळखीचा झाला आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टला बरेचदा वॉर्डात हलवल्यावर बोलावतात. बोलता न येणाऱ्या जीबीएसच्या रुग्णाला संवादाची पाटी पहिल्याच दिवशी हवी असते. ती इंग्रजी पाटीची नक्कल करून बनवू नये. अक्षरांच्या ओळी वर्गाप्रमाणे लावाव्यात: क-ओळ, च-ओळ, ट-ओळ. मदतनीस आधी ओळ विचारतो, मग अक्षर. काना-मात्रा आणि जोडाक्षरं सोडून द्यायची, शब्द अंदाजाने ओळखता येतो. मागच्या बाजूला ‘सक्शन करा’ (नळीतला कफ ओढून काढा), ‘कूस बदला’, ‘दुखतंय’, ‘घरच्यांना बोलवा’. होकार-नकाराची खूण आधी ठरवावी, आणि ती पापण्या मिटण्यावर ठेवू नये, कारण जीबीएसमध्ये चेहराही लुळा पडू शकतो. वर पाहिलं की हो, खाली पाहिलं की नाही, असं उशाशी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवावं, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरलाही तेच कळेल.