मराठी साइटवरचा मजकूर शोधात का सापडत नाही? : पार्श्वभूमी

छोट्या व्यवसायाची जुनी मराठी साइट सुधारायला घेतली की चर्चा रंग आणि बॅनरपासून सुरू होते. त्याआधी एक चाचणी करावी. पानावरचा एक शब्द माउसने निवडून कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. तोच शब्द मराठीत उमटला तर ठीक. निवडताच आला नाही तर तो मजकूर नसून चित्र आहे. रोमन अक्षरांची खिचडी उमटली तर साइट युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या) आधीच्या फॉन्टवर उभी आहे. त्या खिचडीत गूगलला मराठीचा एकही शब्द सापडत नाही. चित्रातल्या अक्षरांवरही विसंबण्यात अर्थ नाही.

या दुखण्याचं मूळ डीटीपीत, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडण्याच्या कामात आहे. १९९०च्या दशकात श्रीलिपी, आकृती आणि सी-डॅक या सरकारी संस्थेची मराठी टायपिंगची पॅकेजेस रुळली. त्यांच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: काना, वेलांटी, अर्धा त, रफार. संगणकाच्या लेखी ते रोमनच, फक्त चेहरा मराठी. कागदावर छापायला यात काहीच अडचण नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने देशात सार्वजनिक इंटरनेट सुरू केलं, पुढे हाच मजकूर साइटवर चढू लागला आणि घोळ झाला. वाचणाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसेल तर सगळं पान निरर्थक. म्हणून पानाच्या डोक्यावर ‘आधी फॉन्ट डाउनलोड करा’ अशी सूचना असायची. नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्स्प्लोरर ४ यांनी पानासोबत फॉन्ट पाठवायची सोय केली, पण दोघांच्या फाइली वेगळ्या. कंटाळून अनेकांनी कोरलड्रॉमधली जाहिरातच जेपीजी करून साइटवर टांगली. ही सवय अजून गेलेली नाही.

खरं तर उत्तर तयार होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची. त्यात देवनागरीला १२८ जागांचा तक्ता मिळाला, तोही इस्की या भारतीय लिप्यांच्या आपल्याकडच्या प्रमाणावर बेतलेला. विंडोज २०००सोबत मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. एक्सपीवर मात्र कंट्रोल पॅनेलमधून भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा विंडोजची सीडी हुडकावी लागे. ती चालू नसेल तर वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं सुटी व्हायची. ‘युनिकोडमध्ये मराठी तुटतं’ हा समज तिथून पसरला.

आज जुना मजकूर कन्व्हर्टरमधून, म्हणजे त्याचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढता येतो, पण कन्व्हर्टर त्याच फॉन्टसाठी बनवलेला हवा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं याच्या उलट. म्हणून ‘स्थिती’, ‘वर्षी’, ‘आर्थिक’ असे शब्द आधी तपासावेत. ईमेल पत्ते, इंग्रजी नावं आणि फोन नंबर कन्व्हर्टरमध्ये घालूच नयेत, नाहीतर त्यांचंही ‘मराठी’ होऊन बाहेर येतं.

दुसरा सापळा डेटाबेसचा. मायएसक्यूएल या अनेक साइटमागच्या डेटाबेसची अक्षरं साठवायची मूळ मांडणी वर्षानुवर्षं लॅटिन-१ (फक्त युरोपीय अक्षरांची) होती, आवृत्ती ८.०मध्ये, २०१८ साली, ती यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) झाली. जुन्या सर्व्हरवरच्या साइटवर चौकशीचा फॉर्म मराठीत भरला की मालकाला नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. डेटाबेसमध्येही तीच साठलेली असतील तर मजकूर गेला, परत मिळत नाही. त्याऐवजी टोपीवाल्या लॅटिन अक्षरांची माळ दिसली तर बाइट बहुधा शाबूत आहेत, फक्त चुकीच्या तक्त्याने वाचले जात आहेत. तो मजकूर वाचवता येतो. टेबलाची मांडणी बदलण्याआधी बॅकअप घ्यावा, कारण घाईत बदललं तर वाचण्याजोगाही मजकूर दुहेरी बिघडतो.

तिसरी गोष्ट फक्त मराठीवाल्यांची. घरगुती पदार्थांच्या साइटवर ‘पुऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एकात नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक आणि य. डोळ्याला दोन्ही सारखेच. पण यूटीएफ-८मध्ये पहिला १८ बाइटचा, दुसरा २१चा. साइटच्या शोधपेटीला ते दोन वेगळे शब्द वाटतात आणि शिल्लक असलेला माल ‘सापडला नाही’ असं उत्तर येतं. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकाच रूपात बदल करून घेणं, हा उपाय.

दिसण्यातल्या चुका त्या मानाने किरकोळ. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. ओळींची उंची इंग्रजीच्या हिशेबाने अक्षराच्या आकाराच्या १.२ पट ठेवली तर वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत घुसतात, १.६च्या आसपास ठेवावी. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवली तर, फॉन्टमध्ये सोय असल्यास, हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे ल आणि श येतात.

राहिला पत्ता. ‘.भारत’ हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ला देवनागरीत खुलं झालं. हौसेने घ्यावं, पण मुख्य पत्ता रोमनच ठेवून हा त्याकडे वळवावा. अनेक फॉर्म देवनागरी ईमेल अजून नाकारतात. पानांचे पत्तेही रोमन बरे, कारण ‘पुऱ्या’ हा सहा चिन्हांचा शब्द लिंकमधून कॉपी करून व्हॉट्सअॅपवर टाकला की टक्केचिन्हांसकट ५४ अक्षरांचा होऊ शकतो.