ॲक्टिनिक, केल्विन आणि दोन नॉब: रीफ टँकच्या लाइटची पार्श्वभूमी

नवीन रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावणाऱ्याचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो, लाइटमधला निळा किती ठेवू आणि पांढरा किती. मग उत्तरं सुरू होतात, कोणी ८०-२० (८० टक्के निळा, २० पांढरा) सांगतं, कोणी म्हणतं पांढरा बंदच ठेव. हे निळं-पांढरं प्रकरण मुळात आलं कुठून ते मात्र कोणी सांगत नाही. ते एकदा कळलं की निम्मे प्रश्न आपोआप गळून पडतात, म्हणून हा खटाटोप. मीठ, सायकल (नवीन टँकमध्ये जिवाणू जमू देणं), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतोय.

सुरुवातीचा काळ पटकन उरकतो. १९६१ च्या सुमारास जकार्तातल्या एका हौशी माणसाने काचेच्या टँकमध्ये समुद्रातला जिवंत दगड (जिवाणू आणि बारीक जीवांनी भरलेला), हवेचे बुडबुडे आणि वरून ऊन एवढ्यावर कोरल जगवून दाखवलं आणि ते लिहून काढलं. लाइटचा खर्च शून्य, कारण विषुववृत्ताजवळचं ऊन फुकट. युरोपातल्या लोकांना हे वाचून भारी वाटलं, पण त्यांच्याकडे ऊन कुठून आणणार? आपल्याकडे त्याच्या दहा वर्षं आधीच, १९५१ साली, मरीन ड्राइव्हवरचं मत्स्यालय उघडलेलं होतं आणि आमच्या पिढीची समुद्री माशांशी ओळख तिथलीच, पण तिथला उजेड माणसांना मासे दिसावेत म्हणून होता. कोरलच्या अंगात शेवाळ राहतं आणि ते शेवाळ उजेडावर जेवण बनवून कोरलला वाटा देतं, म्हणजे लाइट हेच खाणं, ही गोष्ट हौशी लोकांच्या सेटअपमध्ये उतरायला बराच वेळ गेला.

सत्तर-ऐंशीच्या दशकात जर्मनीत ज्याला पुढे बर्लिन पद्धत म्हणायला लागले ती जमून आली, भरपूर जिवंत दगड, दणकट स्किमर, चुन्याचं पाणी आणि वर मेटल हॅलाइड. मेटल हॅलाइड म्हणजे दुकानांत, मैदानांवर लावायचा तो झगझगीत दिवा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकात मिनी रीफवर लेख आले आणि तिकडे घरोघरी रीफ टँक लावायची लाट आली. इथून पुढचा काळ मला जवळचा, म्हणून आता जरा रेंगाळतो.

हॅलाइडची मजा ज्यांनी बघितली त्यांनाच कळेल. पाण्याच्या लाटांमधून त्याच्या उजेडाच्या रेषा वाळूवर नाचायच्या, अगदी उथळ समुद्रात दिसतात तशा. पण १५० वॅटचा बल्ब म्हणजे टँकवर इस्त्री टांगल्यासारखं. जर्मनीतल्या थंडीत ती उष्णता खपून जात असेल, डोंबिवलीत मे महिन्यात टँक ३१ डिग्रीला जायचा आणि मी दोन कॉम्प्युटरचे पंखे पाण्यावर फुंकत बसवायचो, त्यात पाणी उडून खारटपणा वर चढायचा. त्यावर कडी म्हणजे लोडशेडिंग. हॅलाइड एकदा बंद पडला की गरम बल्ब लगेच पेटत नाही, दहा-पंधरा मिनिटं थंड व्हावा लागतो. लाइट पाच मिनिटं जाऊन यायची, घरातले पंखे फिरायला लागायचे, टीव्ही लागायचा आणि टँक तेवढा अंधारात. आई म्हणायची, तुझ्या माशांचीच वीज कापलीय वाटतं.

म्हणून इकडे बहुतेकांनी ट्यूबचा रस्ता धरला. टी१२, टी८, टी५ यातला आकडा म्हणजे ट्यूबची जाडी, इंचाच्या आठव्या भागात मोजलेली, म्हणून टी५ सोळा मिलिमीटरची आणि टी८ सव्वीसची. टी५ बारीक, मागे प्रत्येकीला स्वतंत्र रिफ्लेक्टर, चारच्या जागी सहा बसायच्या. चोक आणि होल्डर कोपऱ्यावरच्या वायरमनकडून जुळवून घेतलेले, ट्यूब मात्र बाहेरून मागवलेल्या. वर्षभरात ट्यूबचा जोर आणि रंग दोन्ही उतरतात पण डोळ्याला कळत नाही, म्हणून टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवायची सवय लागली.

आणि याच ट्यूबांबरोबर तो शब्द घरात आला ज्याने आजपर्यंत सगळ्यात जास्त गोंधळ घातलाय, ॲक्टिनिक.

हा शब्द मुळात कोरलचा नाहीच. एकोणिसाव्या शतकात फोटोग्राफीवाल्यांनी तो चालवला. चांदीच्या क्षारांवर निळा-जांभळा उजेड पडला की ते काळे पडायचे, लाल पडला तर काही व्हायचं नाही, म्हणून तर डार्करूममध्ये लाल बल्ब. ज्या उजेडाने रासायनिक बदल होतो तो ॲक्टिनिक, एवढाच अर्थ. पुढे ४२० नॅनोमीटरच्या (उजेडाची तरंगलांबी, आकडा लहान तेवढा रंग जांभळ्याकडे) आसपास उजेड देणाऱ्या खास ट्यूब निघाल्या त्या नकाशे छापायच्या मशीनसाठी. आर्किटेक्टच्या किंवा सरकारी बांधकामाच्या ऑफिसात ज्यांनी अमोनिया प्रिंट काढलीत, तो नाकात जाणारा वास घेतलाय, त्यांना हे मशीन आठवेल. त्या कागदावरचं रसायन जांभळ्या उजेडाने उडायचं, म्हणून ती ट्यूब. हौशी लोकांनी तीच उचलून टँकवर लावली आणि कोरल असं काही चमकलं की ट्यूब तिथेच राहिली, नावासकट.

इथपर्यंत ठीक होतं, कारण ॲक्टिनिक म्हणजे ४२० वाली ट्यूब असा एकच अर्थ होता. घोळ नंतर झाला. ४२० चा उजेड आपल्या डोळ्याला फार कमी दिसतो, ट्यूब पेटलीय की नाही अशी शंका येते. गिऱ्हाईक म्हणायचं ट्यूब डल आहे. मग ४५०-४६० च्या निळ्या ट्यूब आल्या, त्या डोळ्याला छान निळ्या आणि उजळ दिसायच्या, त्यांच्याही खोक्यावर ॲक्टिनिक छापलं. मग फरक दाखवायला जुन्या ट्यूबला ट्रू ॲक्टिनिक म्हणायची वेळ आली, म्हणजे घरच्याच माणसाला आधार कार्ड दाखवायला लावण्यासारखं. एलईडी आल्यावर तर कुठलाही निळा दिवा ॲक्टिनिक झाला. दोन माणसं ॲक्टिनिक किती लावतोस यावर तासभर भांडतात आणि दोघं वेगवेगळ्या उजेडाबद्दल बोलत असतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

केल्विनचंही थोडं तसंच. दुपारच्या उन्हाचा रंग साधारण साडेपाच ते साडेसहा हजार केल्विन. हॅलाइड बल्ब ६,५०० मध्ये यायचे, मग १०,०००, १४,०००, २०,००० असे निळे निळे होत गेले. केल्विनने रंगाची छटा कळते, उजेड किती ते कळत नाही, आणि २०,००० च्या निळ्याला तर तो आकडा नुसता चिकटवलेला असतो. पण वीस हजार ऐकलं की नवशिक्याला वाटतं पॉवर दुप्पट. उलट त्याच वॅटचा ६,५०० वाला बल्ब बहुतेक वेळा जास्त उजेड द्यायचा, कोरल भराभर वाढायचं पण तपकिरी-पिवळं दिसायचं, म्हणून लोक निळ्याकडे गेले. माझं स्पष्ट मत, निळ्याची ही ओढ जेवढी कोरलची आहे तेवढीच आपल्या डोळ्यांची आहे.

म्हणजे निळं खोटं आहे असं नाही. कोरलमधलं शेवाळ निळा उजेड उत्तम खातं, आणि स्वच्छ समुद्रात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच संपतो, निळा खोल जातो. पण समुद्रात सगळं निळंच असतं हे जे ठोकून देतात ते पटत नाही. मालवणला स्नॉर्केलिंग केलेल्यांनी सांगावं पाणी कुठल्या रंगाचं होतं. गढूळ किनाऱ्यावर निळा उजेड आधी अडतो आणि हिरवा पुढे जातो, तरी तिथे कोरल आहेच. विजयदुर्गपासून लांब खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकवर गोष्ट वेगळी, तिथलं पाणी खरंच निळं.

आणि चमक? ती कोरलच्या अंगातल्या फ्लोरोसंट प्रथिनांची, निळा उजेड घेऊन हिरवा-लाल परत देणारी. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी अशी प्रथिनं कोरल आणि त्यांच्या भाऊबंदांमध्ये शोधून काढली, त्यातलं लाल प्रथिन आज जगभर प्रयोगशाळांमध्ये वापरतात आणि ते सापडलं डिस्कोसोमामध्ये, म्हणजे आपला नवशिक्याचा लाल मशरूम, एक मऊ कोरल. पाचशे रुपयांचा तुकडा म्हणून हिणवू नका.

आता एलईडी. नव्वदच्या सुरुवातीला जपानमध्ये चांगला उजळ निळा एलईडी जमला, त्याबद्दल २०१४ चं फिजिक्सचं नोबेल तिघांना मिळालं. रीफवर पहिले एलईडी २००६-०७ च्या सुमारास आले, महाग आणि जाडजूड. त्यातच २००७ मध्ये अमेरिकेत एका कंपनीला समुद्री जीव एलईडीखाली वाढवण्याबद्दल पेटंट मिळालं, कोर्टबाजी झाली, दिवे आधी बाजारात आणणारी कंपनी बंद पडली. दिव्याखाली प्राणी ठेवणं यात शोध कसला, असं मला तेव्हाही वाटायचं. थोड्या वर्षांत चिनी काळे खोके आले, ५५ एलईडी, प्रत्येकी ३ वॅट लिहिलेले, पुढे दोन नॉब, एक निळा आणि एक पांढरा. ८०-२० ची भाषा त्या दोन नॉबांतून आलीय, समुद्रातून नाही.

त्या खोक्यांनी उष्णता, वीजबिल, इन्व्हर्टर सगळे प्रश्न सोडवले आणि नवीन एक दिला. पाण्याच्या दर गॅलनला लाइटचे इतके वॅट हा जुना हिशोब एकदम रद्द झाला आणि लोक जास्त उजेड टाकून कोरल भाजायला लागले. मीही त्यातलाच. टी५ काढून खोका लावला, दोन्ही नॉब फुल, डोळ्याला उजेड आधीएवढाच वाटत होता. चौथ्या दिवशी मशरूम नखाएवढे आक्रसलेले, आठवड्याने पांढरट. निळा उजेड डोळ्याला कमी वाटतो म्हणून फसगत होते, मोबाइलवरचं उजेड मोजणारं लक्स ॲपही माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतं आणि तसंच फसतं.

यावर उपाय म्हणून पार (PAR) नावाचं माप आलं, शेतीवाल्यांकडून उसनं घेतलेलं. पानाला उपयोगी पडणारा ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड मोजायचं ते माप. भर दुपारच्या उन्हात साधारण २,००० येतं. मशरूम, झोआ, लेदर अशा मऊ कोरलना ५० ते १५० पुरतं, फांद्यांच्या कडक कोरलला २०० च्या पुढे लागतं. आणि इथे आपल्याकडची एक गोष्ट महत्त्वाची, २००१ साली दगडी कोरल (हे फांद्यांचं कडक त्यातलंच) वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेलं, जिथे वाघ आहे तिथेच. त्यामुळे इकडचा नवशिक्याचा टँक मऊ कोरलचाच असायला हवा, पण लाइटचे आकडे मात्र आपण फांद्यांचं कोरल ठेवणाऱ्या परदेशी लोकांचे कॉपी करतो. ४०० पार त्यांच्या कामाचं, मशरूमसाठी ती शिक्षा. सुरुवात तीस-चाळीस टक्क्यांवर करून महिनाभरात हळूहळू चढवायचं, आठ-नऊ तास, बस्स. पार मीटर भाड्याने मिळाला तर जुना की नवा विचारा, जुन्या स्वस्त सेन्सरना ४२० चा जांभळा धड दिसत नाही आणि आकडा कमी येतो.

ट्यूबचं म्हणाल तर ऑगस्ट २०२३ पासून युरोपात पाऱ्यामुळे सामान्य उजेडाच्या टी५, टी८ बाजारात आणायला बंदी आली, त्यामुळे रीफच्या ट्यूबही दुर्मिळ होत चालल्यात. माझ्याकडे माळ्यावर एक उरलीय, ४२० वाली, टोकाला मार्करने ११/०९. परवा एकाने त्याच्या नवीन एलईडीचं ॲप दाखवलं, पाच स्लायडर, त्यातल्या एकाचं नाव ॲक्टिनिक. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात बघितलं तर ४५०.