अडकलेले नायक आणि तट पडलेले वाचक

अंतराळात अडकलेल्या नायकांच्या कॉमिकचा विषय ठाण्यात निघाला, की पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांत लगेच तट पडतात. एकाचं म्हणणं, 'किती ताणायचं? आणा की एकदाचं त्यांना पृथ्वीवर!' दुसरा म्हणतो, 'आणून काय, पोस्टात नोकरीला चिकटवणार?' आणि कुणीतरी तिसरा या दोघांची कीव करत विचारतो, 'ते राहू द्या. त्या ग्रहावर हे लोक श्वास कसा घेतात, ते आधी सांगा.' माणसं बदलतात, पण मतं फिरून फिरून हीच. त्यांचा उगम वाचकांच्या स्वभावात शोधायला जाऊ नये. ती बरीचशी छपाईच्या, टपालाच्या आणि धंद्याच्या सोयीतून घडलेली आहेत.

सुरुवात अमेरिकी वर्तमानपत्रांत झाली. ७ जानेवारी १९२९ रोजी 'बक रॉजर्स' ही चित्रमालिका सुरू झाली. तिचा नायक झोपतो विसाव्या शतकात आणि जागा होतो पंचविसाव्या शतकात, म्हणजे तो अडकला तो काळात. मालिका तुफान चालली, तेव्हा किंग फीचर्स या वितरण कंपनीलाही आपला एक अंतराळवीर हवासा वाटला. अॅलेक्स रेमंड या चोवीस वर्षांच्या चित्रकाराच्या हातून १९३४ साली 'फ्लॅश गॉर्डन' आला आणि तारीखही नेमकी ७ जानेवारीच. एक परका ग्रह पृथ्वीवर आदळायला निघालाय. विमानातून उडी टाकून वाचलेल्या फ्लॅश आणि डेल आर्डनला डॉ. झार्कोव्ह पिस्तुलाच्या धाकावर आपल्या रॉकेटात कोंबतो आणि तिघं त्या ग्रहावर, मोंगोवर, जाऊन पडतात. नायक मुळात पोलो खेळणारा गडी. अंतराळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

यातला धंदा लक्षात घेण्यासारखा आहे. रविवारी एक पान, पुढच्या रविवारी पुढचं. नायक घरी पोचला की गोष्ट संपली आणि गोष्ट संपली की पान बंद. तेव्हा त्याला अडकवून ठेवणं ही प्रकाशकाची गरज. मोंगोवर मग बर्फाचं राज्य निघालं, पाण्याखालचं निघालं, जंगलाचं निघालं, आणि प्रत्येक ठिकाणी निदान एक राणी. १९४१ मध्ये एकदाचे तिघे पृथ्वीवर आले, इथलं युद्ध लढले आणि ते आटोपताच पुन्हा मोंगोवर रवाना झाले. सात वर्षं वाट पाहून घर दिसलं, तर ते मुक्कामाला सुद्धा नाही! 'आणून काय करणार' म्हणणाऱ्यांचा पक्ष तिथेच जिंकला, असं माझं मत.

पुढे १९५८ मध्ये डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीने याची उलटी बाजू काढली. अॅडम स्ट्रेंज हा पुरातत्त्वज्ञ एका किरणाच्या झोतात सापडून रान नावाच्या ग्रहावर पोचतो. पण झोताचा असर ओसरला, की बिचारा आपोआप पृथ्वीवर परत. त्याचं मन रानवरच्या अलानाकडे, त्यामुळे त्याच्या दृष्टीने अडकणं म्हणजे घरी असणं. कल्पनेपुरतं बोलायचं तर मला हे फ्लॅशपेक्षा सरस वाटतं. १९६२ च्या अखेरीस गोल्ड की या प्रकाशनाने 'स्पेस फॅमिली रॉबिन्सन'मध्ये एक अख्खं कुटुंबच अंतराळयानासह हरवून टाकलं. रॉबिन्सन क्रूसोचा वारसा त्यांनी नावातही लपवला नव्हता.

वाचकांची मतं छापण्याची चाल कॉमिकवाल्यांची नव्हे. ह्यूगो गर्न्सबॅकने १९२६ साली काढलेल्या विज्ञानकथांच्या मासिकात वाचकांची पत्रं यायची, तीही लिहिणाऱ्याच्या पूर्ण पत्त्यासकट. त्यामुळे लोक परस्परांना लिहू लागले आणि संपादकाला वगळून वाद रंगू लागले. कॉमिकमध्ये पत्रांना जागा मिळाली त्यामागे मात्र वाचकप्रेमाइतकाच टपालखर्च होता. नियतकालिकांचा सवलतीचा दर हवा असेल, तर अमेरिकी टपालखात्याच्या नियमानुसार अंकात निदान दोन पानं नुसता मजकूर असावा लागे. पूर्वी तिथे कुणीही न वाचणारी एखादी छोटी गोष्ट टाकत. पत्रं छापली की लेखकाचं मानधन वाचतं, हे १९६० च्या आसपास संपादकांच्या ध्यानात आलं. 'यानाच्या खिडक्या मागच्या अंकात चार होत्या, या अंकात तीन का?' छापाची पत्रं तेव्हापासूनची. मार्व्हल या कॉमिक कंपनीचा संपादक स्टॅन ली याने तर चूक पकडून तिचं समर्थनही स्वतःच शोधणाऱ्या वाचकाला बक्षीस लावलं. ते असायचं रिकामं पाकीट.

आपल्याकडे मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. इंग्रजीसोबत हिंदी, मराठी, बंगाली अशा भाषांतही ते निघू लागलं. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. राजा अर्थातच वेताळ, म्हणजे मूळचा 'फँटम', पहिला अंकही त्याचाच. फ्लॅश गॉर्डन मागाहून आलेल्या मंडळींपैकी. तिकडे रोज तीन-चार चौकटी या गतीने महिनोन्‌महिने चाललेली गोष्ट इथे तीसेक पानांत बसवायची, म्हणून जागा पुरेना की चौकटी उडायच्या. अमेरिकी वाचकाने जे चार महिने सोसलं, ते ठाण्याच्या नौपाड्यातल्या पोराने दुपारच्या जेवणानंतर अर्ध्या तासात उरकलं. 'किती ताणायचं' हा सूर मला तिथून आलेला दिसतो. ज्यांना पहिल्या पानावर संकट आणि शेवटच्या पानावर सुटका अशी सवय लागली, त्यांच्या हातात आज पंधरा-वीस अंक चालणारी मालिका दिली तर ते वैतागणारच.

ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं, त्यामुळे वाचकांची वानवा कधी नव्हती. पण घरोघरी कॉमिकला वाचन म्हणायची पद्धत नव्हती. तो गल्लीतल्या लायब्रऱ्यांचा आणि रद्दीवाल्यांचा माल. भाड्याने द्यायचे अंक टिकावेत म्हणून पुठ्ठा लावून जाड दोऱ्याने शिवलेले असत. शिवण इतकी आत घेतलेली, की डावीकडचे संवादाचे फुगे अर्धे दोऱ्याखाली जायचे आणि झार्कोव्ह काय म्हणाला ते अंदाजाने ताडायचं. शेवटचं पान पुष्कळदा गायब. इंद्रजालला पत्र कोण पाठवणार? मतं समासातच लिहिली जायची. एका अंकावर बॉलपेनने लिहिलेलं आठवतं, 'शेवट भंगार, वाचू नये'. त्याखाली दुसऱ्या शाईत, 'मग तू कशाला वाचलास?' पत्ते छापले नसले, तरी तीनचार बिल्डिंगांत कुणाचं अक्षर कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, आणि तोवर बऱ्याच लायब्रऱ्यांनी पुठ्ठ्याच्या कॉमिकांशेजारी व्हिडिओ कॅसेट मांडल्या होत्या.

श्वासाची चौकशी करणारा तिसरा पक्ष मात्र मला अस्सल मराठी वाटतो. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने इथल्या वाचकाला वेगळंच वळण लावलं. १९७४ साली या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. खगोलशास्त्रज्ञाच्या हातची गोष्ट वाचून मोठं झालेल्या वाचकाला मोंगोवरचे सिंहमानव पटणार कसे? या परंपरेत गोष्ट आवडली की नाही याच्या आधी ती शास्त्राला धरून आहे का हे तपासतात. कधीकधी तेवढंच तपासतात, आणि चित्र बघायचं राहूनच जातं. रेमंडची कुंचल्याची रेघ हा निव्वळ डोळ्यांचा आनंद आहे, ऑक्सिजन असो वा नसो.

या पक्षाच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. अडकण्याच्या खऱ्या घटना त्यांच्याच प्रश्नाभोवती फिरल्या. १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ मधली ऑक्सिजनची टाकी फुटली. तिघांचा जीव चंद्रावर उतरायच्या छोट्या यानातल्या हवेवर लटकला होता, कारण कार्बन डायऑक्साइड शोषणारे उरलेले डबे चौकोनी आणि ते बसवायची जागा गोल. प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून तो मेळ घातला, तेव्हा १७ एप्रिलला ते परतले. अंतराळवीर सर्गेई क्रिकालेव्ह १९९१ मध्ये मीर या अंतराळस्थानकावर गेला तो सोव्हिएत नागरिक म्हणून. ३११ दिवसांनी, मार्च १९९२ मध्ये उतरला तेव्हा तो देशच उरला नव्हता. घरी आणा म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जून २०२४ रोजी आठवडाभरासाठी म्हणून अंतराळस्थानकावर गेले आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परतले. तेव्हा जुनी तिन्ही मतं पुन्हा ऐकू आली, पण आमच्या लोकलच्या डब्यात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती ओव्हरटाइमची. तो मिळत नाही. नासाचे अंतराळवीर सरकारी नोकर. मुक्काम लांबला तरी ठरलेला पगार, आणि किरकोळ खर्चापोटी दिवसाला साधारण पाच डॉलर. फ्लॅश गॉर्डनला मोंगोवर तेवढेही कुणी दिल्याचं वाचनात नाही.