संकेतस्थळ, डोमेन व ईमेल : ग्राहकसेवा (ग्रामीण विदर्भ)

संकेतस्थळाच्या फाइली ज्या सर्व्हरवर असतात ते होस्टिंग, त्याचा इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे डोमेन आणि त्या पत्त्यावर चालणारी ईमेल खाती, या तिन्हींतली अडचण ऐकून, तपासून दूर करण्याची सेवा. ग्रामीण विदर्भात तिचे ग्राहक म्हणजे वरूड-मोर्शीकडील संत्रा उत्पादकांच्या कंपन्या, यवतमाळ-अकोल्याकडील जिनिंग, गोंदिया-भंडाऱ्यातील राइस मिल, पतसंस्था, शाळा-महाविद्यालये आणि बचत गट. काम मुख्यतः फोनवर आणि व्हॉट्सॲपवर चालते. तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या कंपन्यांकडे असू शकतात, हे ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. त्यात तालुक्याच्या गावचा वेबसाइट करून देणारा अनेकदा रिसेलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीची सेवा घेऊन विकणारा, असतो. मूळ होस्टिंग कंपनीचा ग्राहक तो, संस्था नव्हे. म्हणून संस्थेने थेट कंपनीला फोन केला तर तिथून ‘तुमच्या रिसेलरशी बोला’ एवढेच उत्तर मिळते.

‘साइट उघडून नाही राहिली’ या तक्रारीमागे डोमेनची संपलेली मुदत असू शकते, थकलेले होस्टिंग, बदललेले नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर) किंवा नुसते ग्राहकाचे नेट. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला : ‘भाऊ, दुसऱ्या सिमच्या नेटवर उघडते का?’ तिथे उघडत असेल तर सर्व्हरला हात लावण्याचे कारण नाही.

नाव कोणाचे

निम्म्या अडचणी तांत्रिक वाटतात, पण मुळात मालकीच्या असतात. डोमेनची नोंदणी म्हणजे जमिनीचा सातबारा : वापर कोणीही करो, हक्क नोंदीवरच्या नावाचा. वेबसाइट करून देणाऱ्या तरुणाने घाईत स्वतःचा जीमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकलेला असतो. पुढे तो पुण्याला किंवा हैदराबादला जातो, ते सिम बंद होते. बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो आणि मग ओटीपी अनोळखी माणसाकडे पोचतो. अशा वेळी साहाय्यकाने कितीही मनावर घेतले तरी नोंदणीकृत ईमेलबाहेरच्या माणसाला तो खाते उघडून देऊ शकत नाही, देऊही नये. जुना मुलगा संपर्कात असेल तर सर्वांत सोपा मार्ग त्याच्याकडूनच नोंदणीधारकाचे नाव, ईमेल व मोबाइल बदलून घेण्याचा. तो सापडत नसेल तर लेटरहेडवरचा अर्ज, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, संचालकाचे ओळखपत्र आणि पैसे भरल्याची पावती देऊन रजिस्ट्रारकडे (डोमेनची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे) दाद मागावी लागते. यात आठवडे जातात. संस्थेच्या फायलीत एक कागद असला की हे सारे टळते : रजिस्ट्रारचे नाव, मुदतीची तारीख, नोंदणीचा ईमेल व मोबाइल, होस्टिंग कंपनी, नेमसर्व्हर. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नयेत.

डॉट कॉमसारख्या डोमेनची नोंदणी झाल्यावर १५ दिवसांत पडताळणीच्या ईमेलमधली लिंक दाबावी लागते. ती राहिली तर पैसे भरलेले असूनही साइट थांबते. मुदतीच्या सुमारे एक महिना व एक आठवडा आधी सूचना येतात, पण त्या त्याच नोंदणीच्या ईमेलवर. मुदत उलटल्यावर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करून देऊ शकतो. अनेक जण त्याहून कमी देतात. मग ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ येतो आणि त्यात जादा शुल्क पडते. त्यानंतर ५ दिवसांत डोमेन खुले होते. डॉट इनची नोंदणी निक्सी ही भारतीय संस्था पाहते. तिथले नियम वेगळे असल्याने डॉट कॉमचे दिवस डॉट इनला लावू नयेत.

कार्डावरच्या आपोआप नूतनीकरणावर विसंबणे धोक्याचे आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे) नियम लागू झाले आणि परदेशी रजिस्ट्रारांचे आपोआप होणारे अनेक व्यवहार बँकेतच अडू लागले. ग्राहकाला वाटते पैसे कटले असतील; प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते. चालू डोमेन एकूण १० वर्षांपर्यंत पुढे नेता येते. हंगामात पैसा हाती असताना तीन-चार वर्षांचे भरून टाकणे उत्तम.

ईमेल

‘मेल येऊन नाही राहिला’ हा फोन बहुधा साइट नवीन केल्यानंतर येतो. नवा कारागीर साइटसाठी नेमसर्व्हर बदलतो, पण जुन्या जागेवरच्या एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरवर पोचवायचा) व टीएक्सटी (मेलच्या पडताळणीचा मजकूर) नोंदी आपोआप सोबत येत नाहीत. साइट झकास दिसते आणि मेल त्या दिवसापासून बंद. उपाय आधीचा आहे : सगळ्या नोंदी उतरवून घ्याव्यात, टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र लक्षात ठेवली जाते तो काळ, ८६४०० सेकंद असेल तर एक दिवस आधी ३०० करावा, नव्या ठिकाणी नोंदी भराव्यात आणि मगच नेमसर्व्हर बदलावे.

पाठवलेला मेल स्पॅममध्ये जात असेल तर एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करायचे तो नियम) पाहावे. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सक्तीचे केले. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. नेहमीची चूक म्हणजे दुसरी सेवा जोडताना एसपीएफची दुसरी नोंद टाकणे. एका डोमेनला ही नोंद एकच चालते. दोन झाल्या की तपासणीच नापास होते. दोन्हींचा मजकूर एकत्र करावा. तिच्यातून होणाऱ्या डीएनएसकडच्या (डोमेनच्या नोंदी सांगणाऱ्या यंत्रणेकडच्या) विचारणाही १० पेक्षा जास्त होऊ देऊ नयेत.

मेलच्या सेटिंगमध्ये पाठवण्यासाठी पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ५८७ किंवा ४६५, पाहण्यासाठी आयमॅपचे (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवणाऱ्या पद्धतीचे) ९९३. कार्यालयाच्या संगणकावर पॉप (मेल उतरवून घेणारी पद्धत) लावले असेल तर मेल तिथे उतरून सर्व्हरवरून पुसला जाऊ शकतो. सचिवांच्या मोबाइलवर मग काही दिसत नाही. निविदेच्या फायली हा आणखी एक त्रास. २५ एमबीची मर्यादा असली तरी पाठवताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १९ एमबीपुढे ती परत येऊ लागते. रंगीत ६०० डीपीआयऐवजी करड्या रंगात २०० डीपीआयवर स्कॅन केले तर तेच कागद आरामात जातात.

मोबाइल नेटची गाठ

खेड्यात कार्यालयेही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतात. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) देतात. ईमेलचा पासवर्ड बदलला, पण एखाद्या जुन्या फोनमध्ये आधीचाच राहिला, तर तो फोन दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पाठवत राहतो. सर्व्हरची फायरवॉल (संशयास्पद जोडणी अडवणारी व्यवस्था) तो आयपी अडवते आणि त्या पत्त्यामागच्या सगळ्यांची साइट व मेल दोन्ही बंद होतात. खूण अशी की नागपुरात साइट उघडते, गावात नाही. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून परत सुरू केला की कधी कधी थोडा वेळ उघडते. साहाय्यकाने आयपी मोकळा करण्याआधी तो फोन शोधून काढावा, नाहीतर लगेच पुन्हा तेच. सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) कोणते खाते चुकते आहे ते दिसते, तेवढे ग्राहकाला सांगितले की काम लवकर होते.

देवनागरी पत्ते

.भारत हे देवनागरी डोमेन २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळते. यंत्रणा ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवते, त्यामुळे पत्ता चिकटवल्यावर विचित्र अक्षरे दिसतात. तो बिघाड नव्हे. देवनागरी ईमेल पत्ता मात्र सगळीकडे स्वीकारला जात नाही. बँका व सरकारी अर्जांसाठी रोमन पत्ता सोबत ठेवावा.

फसवणूक

साहाय्य क्रमांक शोधयंत्रात शोधू नये. पावतीवरचा किंवा खात्यात लॉगिन करून दिसणारा घ्यावा. पैसे परत देतो म्हणून स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला सांगणारा किंवा यूपीआय पिन मागणारा माणूस साहाय्यक नसतो. गिरणीच्या ईमेल खात्यात शिरलेला चोर बरेचदा गप्प बसतो आणि व्यापाऱ्याला बिल जाण्याच्या सुमारास बदललेला बँक खाते क्रमांक पाठवतो. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे, बँकेला सांगावे. मग ईमेल खात्याचा पासवर्ड बदलून सगळीकडची लॉगिन बंद करावीत आणि फॉरवर्ड (मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणे) व फिल्टरचे नियम उघडून पाहावेत, कारण पासवर्ड बदलल्यावरही चोराने लावलेला फॉरवर्ड तसाच चालू राहतो.