डिकीतला रॅक आणि खड्ड्यांचं गणित

गाडीत साउंड सिस्टिम बसवून घेणाऱ्याचा सगळा जीव वॉटमध्ये अडकलेला असतो. सबवूफर, म्हणजे बास वाजवणारा मोठा स्पीकर, किती इंची, ॲम्प्लिफायर किती चॅनलचा, बास किती घुमतो, यावर तासन्‌तास खल चालतो. हे सगळं डिकीतल्या ज्या फळीवर, म्हणजे रॅकवर, बसायचं, ती मात्र शेवटच्या दिवशी उरल्यासुरल्या एमडीएफच्या तुकड्यातून, चार स्क्रू मारून उरकली जाते. काही महिन्यांत डिकीतून खडखड येऊ लागते, एखादा चॅनल मध्येच मुका होतो, आणि बोल ॲम्प्लिफायरला लागतो.

रॅक करून घेताना बहुतेक जण सुताराला विचारतात, हा वजन किती घेईल? दोन ॲम्प्लिफायर मिळून फार तर आठ किलो भरतात. एवढं वजन घरातलं कुठलंही फडताळ वर्षानुवर्षं पेलतं. पण फडताळाखाली चाकं नसतात. डिकीतला रॅक सेकंदाला कित्येक वेळा खाली-वर, पुढे-मागे हलत असतो, त्यामुळे तो मोडतो का यापेक्षा तो वाकतो किती, हे आधी पाहावं लागतं.

लोखंडी फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर धरून टोकाला टिचकी मारली की ती ठरावीक वेगाने थरथरते. बाहेरची लांबी कमी केली की थरथर जलद होते. रॅकच्या फळीचंही तसंच आहे. तिच्यावरचं वजन आणि तिचा ताठपणा मिळून तिची एक स्वाभाविक वारंवारता ठरते, आणि ती काढायला एक सोपा हिशेब पुरतो. वजन ठेवल्यावर फळी मध्यभागी किती मिलिमीटर खाली झुकते ते बघायचं, त्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि १५.८ ला त्याने भागायचं. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती वेळा, असं मिळतं. १ मिलिमीटर झुकली तर साधारण १६ हर्ट्झ, ०.१ मिलिमीटर झुकली तर ५०.

आता रस्त्याकडे बघू. गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा डोलते. स्पीडब्रेकरनंतर पोटात येतो तो गोळा हाच. चाकं आणि त्यांचा दांडा मात्र टायरच्या हवेवर सेकंदाला १० ते १५ वेळा उड्या मारतात. खडबडीत रस्त्यावर गाडीच्या पत्र्यात जो थरकाप जाणवतो, त्यातला मोठा वाटा या पट्ट्यातला. रॅकची स्वाभाविक वारंवारता नेमकी इथेच आली तर अनुनाद होतो. प्रत्येक उडी आधीच्या उडीत भर घालते आणि रॅक खालच्या पत्र्याच्या कितीतरी पट जास्त हलतो.

नेहमीचा रॅक घेऊ. ८० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल अशी १२ मिलिमीटर प्लायची फळी, फक्त दोन्ही टोकांना टेकलेली, मध्ये आठ किलो. प्लायची लवचीकता साधारण धरून गणित केलं तर ती मध्ये सुमारे २ मिलिमीटर झुकते. वारंवारता आली ११ हर्ट्झ, म्हणजे चाकांच्या उड्यांच्या बरोब्बर मध्ये. याहून वाईट जागा मुद्दाम शोधूनही सापडली नसती.

यावर सुताराचं उत्तर ठरलेलं असतं, "जाड प्लाय टाकू, साहेब." त्यात तथ्य आहे, कारण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १२ ऐवजी १८ मिलिमीटर घेतली तर ताठपणा जवळजवळ ३.४ पट होतो आणि वारंवारता २० हर्ट्झच्या आसपास जाते. पण फळी दीडपट जड झाली, पैसेही वाढले. त्याऐवजी तीच १२ मिलिमीटरची फळी ठेवून मधोमध एक उभा आधार दिला तर? झुकणं टेकूंमधल्या अंतराच्या घनाप्रमाणे बदलतं. अंतर निम्मं झालं आणि आधाराच्या दोन्ही बाजूंना एकेक ॲम्प्लिफायर आला, की फळी पूर्वीच्या जेमतेम सोळाव्या हिश्शाएवढी झुकते आणि वारंवारता ४४ हर्ट्झवर पोचते. प्लायचा एक उरलेला तुकडा उभा लावून हे काम होतं. पत्र्याचा रॅक असेल तर कडा काटकोनात वाकवून घेतल्या तरी तोच फायदा मिळतो. सपाट पत्रा हाताने लवतो, कडा दुमडलेला लवत नाही. वेल्डर मंडळींना हे गणिताशिवाय कळतं, म्हणून ते सपाट पट्टीऐवजी अँगल किंवा चौकोनी पाइप घेतात.

४४ हर्ट्झ म्हणजे सबवूफरचाच टापू, मग तिथे अनुनाद होणार नाही का, असं कुणी विचारेल. होईल थोडा. पण तेवढ्याच त्वरणाला हालचाल वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे ११ हर्ट्झला जे १६ मिलिमीटर हललं असतं ते ४४ ला १ मिलिमीटर हलतं. शिवाय लाकूड स्वतःच बरीच कंपनं जिरवतं. सबवूफरच्या खोक्यावरच ॲम्प्लिफायर ठोकण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. खोक्याच्या भिंती आतल्या दाबाने थेट हलतात, आणि ॲम्प्लिफायरमधली जड कॉइल आणि कपॅसिटर नुसत्या डागाच्या, म्हणजे सोल्डरच्या, पायांवर उभे असतात. ते पाय थकून तडकतात. मध्येच मुक्या होणाऱ्या चॅनलचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

रबराबद्दलही एक गैरसमज आहे. इंजिनाखाली रबर असतं, मग ॲम्प्लिफायरखालीही मऊ बुश घातले की हादरे थांबतील असं वाटतं. रबर कंपनं अडवतं ती फक्त त्याच्या स्वतःच्या वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीच्या वरची. त्याखाली ते काहीच अडवत नाही, उलट वाढवतं. मऊ रबरावर दोन-चार किलो ठेवलं की ती वारंवारता सहज १०-१५ हर्ट्झमध्ये येते, म्हणजे पुन्हा चाकांच्या तावडीत. एवढ्या हलक्या वस्तूला रॅक ताठ आणि बोल्ट घट्ट, हेच बरं.

आता बोल्ट. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्ट सैल करायला त्याच्या लांबीच्या दिशेने बसणारे धक्के फारसे कारणीभूत नसतात. खरा शत्रू आडवी सरक. आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा वागतो आणि त्या ताणामुळेच आट्यांमध्ये घर्षण राहतं. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकले की ते घर्षण क्षणभर सुटतं, आणि नट केसभर उलटा फिरतो. असं हजारो वेळा झालं की तो हाताने निघतो. आपल्याकडे यावर हमखास घातला जातो तो स्प्रिंग वायसर. नासाच्या १९९० च्या फास्टनर पुस्तिकेने या वायसरला लॉकिंगसाठी निरुपयोगी ठरवलं आहे, कारण बोल्ट नीट आवळला की तो पूर्ण सपाट होतो आणि साध्या वायसरएवढंच काम करतो. आत नायलॉनची कडी असलेला नायलॉक नट घ्यावा. थोडा महाग पडतो, पण नट निदान गळून पडत नाही.

डिकीत हमखास घडणारा प्रकार म्हणजे रॅक कार्पेटवरच आवळला जातो. पान्याला घट्ट लागतो, सगळे खूश. पण बोल्ट आणि पत्र्याच्या मध्ये पाच-सात मिलिमीटर नमदा असतो. उन्हात आणि हादऱ्यांत तो दबत जातो, तेवढा बोल्टचा ताण उतरतो आणि मग आडवी सरक सुरू होते. भोकाभोवती रुपयाएवढं कार्पेट कापून तिथे लोखंडी नळीचा तुकडा बसवला की लोखंडावर लोखंड टेकतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण फिनिशिंगच्या नादात राहून जातं.

रॅक घट्ट बसवलेला हवा याला आणखी गंभीर कारण आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी समोर धडकून ६० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १६ पट होतं. रॅक आणि ॲम्प्लिफायर मिळून १२ किलो असतील तर त्या क्षणी ते मागच्या सीटकडे जवळपास २०० किलोच्या जोराने झेपावतात. ८.८ या ताकदीच्या ग्रेडचा एम-६, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट एकटाच ताणात हजार किलोच्या वर झेलतो, त्यामुळे बोल्ट तुटायची भीती नाही. फाटतो तो गाडीचा तळ, कारण तो पत्रा बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. म्हणून खालून मोठा वायसर, किंवा त्याहून चांगली तीन मिलिमीटरची लोखंडी पट्टी द्यायची. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघणं तर आलंच; पेट्रोलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग, सगळं तिथेच असतं. भोकाच्या कडेला प्रायमर लावायचा, नाहीतर मुंबई-कोकणच्या हवेत दोन पावसाळ्यांत तिथून गंज धरतो.

आपल्याकडे डिकीत पुष्कळदा सीएनजीचं सिलिंडरही असतं, सुमारे २०० बार दाबाचं. जागा वाचते म्हणून रॅक त्याच्या ब्रॅकेटला जोडायचा मोह होतो. तो कुणीही करू नये, त्याच्या व्हॉल्व्हजवळ वायरचे जोडही आणू नयेत.

ताठपणाचा हट्ट उष्णतेशी मात्र भांडतो. चारी बाजूंनी बंद पेटी सगळ्यात ताठ, आणि ॲम्प्लिफायरसाठी सगळ्यात वाईट. क्लास-डी या नव्या धाटणीच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तरी १००० वॉट बाहेर देताना आत १७५ वॉटच्या आसपास उष्णता तयार होते. जुन्या धाटणीच्या क्लास-एबीमध्ये ती सहाशेच्या पुढे जाते. गाण्यात सतत पूर्ण ताकद लागत नाही, म्हणून सरासरी बरीच कमी भरते, हे आपलं नशीब. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी आधीच तापलेली असते, आणि कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून अंगावरच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पात्या उभ्या राहतील असा ॲम्प्लिफायर लावावा, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून वर चढते. उलटा टांगू नये. भोवती दोन बोटं जागा सोडावी. वरून चकचकीत झाकण हवंच असेल तर कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे फॅन लावावे, एक हवा आत घेणारा, एक बाहेर फेकणारा.

वायरिंगचा विषय मोठा आहे, पण रॅकशी त्याचा एक धागा आहे. १००० वॉट बाहेर द्यायला, ८५ टक्के कार्यक्षमता धरून, १३.८ व्होल्टवर ८५ अँपिअर करंट लागतो. अर्थिंगच्या जोडात एक शतांश ओहम रोध राहिला तरी तिथेच ०.८५ व्होल्ट जातात आणि ७२ वॉट उष्णता होते. लोखंडी रॅकलाच अर्थिंग म्हणून वापरू नये; त्याचे जोड रंगाचे, गंजाचे, बोल्टचे. स्वतंत्र जाड वायर बॉडीपर्यंत न्यावी, तिथला रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासावा, आणि सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू नये. रॅकच्या धारदार कडेवरून जाणाऱ्या पॉझिटिव्ह वायरला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी कडी, हवा. घासून इन्सुलेशन गेलं तर आग लागते, त्यासाठी बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज असतो.

रॅक तयार झाल्यावर तो तपासायला यंत्र खिशातच असतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने फिफॉक्स नावाचं मोफत ॲप केलं आहे. त्यात फोनच्या त्वरणमापकाचा वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती हालचाल होते याचा आलेख, दिसतो. ॲम्प्लिफायर बसवलेल्या रॅकच्या मधोमध फोन दुतर्फा टेपने चिकटवायचा, मूठ बंद करून रॅकवर एक ठोसा द्यायचा आणि शिखर कुठे उठतं ते बघायचं. फोन सेकंदाला २०० नोंदी घेत असेल तर १०० हर्ट्झपर्यंतच भरवसा ठेवता येतो, पण आपल्याला तेवढंच हवं. शिखर ३५-४० च्या वर असेल तर कार्पेट चढवायला हरकत नाही. १० ते १५ मध्ये असेल तर अजून एक उभा आधार लागेल. आणि आधार दिल्यावरही शिखर हललंच नाही, तर फळी सोडून खालचे बोल्ट तपासायचे. तिथे बहुधा कार्पेट दबलेलं सापडतं.