धुऱ्यावरचा अंदाज

विदर्भात पीकपाण्याचा आकडा जाहीर झाला की कास्तकार आधी विचारतो, "मोजलं कोणाच्या वावरात?" पाहणीतल्या पक्षपातावर जाडजूड पुस्तकं आहेत, पण मुळातली शंका हीच. आपल्याकडे ती आणेवारीइतकी जुनी आहे.

इंग्रजी अमदानीत भरघोस पीक म्हणजे सोळा आणे. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून नजर टाकायची आणि यंदा किती आणे ते लिहायचं. शेतसारा तहकूब होणार की नाही हे त्याच आकड्यावर, म्हणजे सांगणारा खाली ओढणार आणि लिहिणारा वर. 1918 चा खेडा सत्याग्रह यावरूनच पेटला: पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब, असा नियम, शेतकरी म्हणत आत आहे, अधिकारी म्हणत नाही. 1957 साली दशमान नाणी आली, पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. पारावर मात्र अजून आणेवारीच म्हणतात.

1920 च्या दशकात बिहार-ओरिसात जॉन हबॅक नावाच्या अधिकाऱ्यानं भाताची जागा नशिबावर सोडून निवडली आणि तेवढाच तुकडा कापून तोलला. कोणाचं वावर हा प्रश्न सुटला. पण त्याची चौकट होती इवलीशी, एकराच्या 3200 व्या हिश्श्याची, आणि गोम तिथं होती. काठावरची लोंबी आत धरायची की बाहेर? मोजणाऱ्याचा हात नकळत ती आत घेतो. एक मीटर चौरस तुकड्याला दर चौरस मीटरमागे 4 मीटर काठ येतो, दहा मीटर चौरस तुकड्याला फक्त 0.4. ही चूक कायम वाढीव बाजूची, त्यामुळे हजार तुकडे कापले तरी फिटत नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस आणि आपले साताऱ्याकडचे पां. वा. सुखात्मे यांचा तुकड्याच्या आकारावरून चांगलाच वाद झाला. सुखात्मे मोठ्या तुकड्याच्या बाजूचे, मीही.

कपाशीचं दुखणं वेगळं. 1940 च्या दशकात पानसे आणि कळमकर या संख्याशास्त्रज्ञांनी अकोला जिल्ह्यात तिची पाहणी केली. भात एकदा कापला की झालं, पऱ्हाटीला वेचे तीन-चार. पहिल्या वेच्यावर थांबलं तर उतारा कमी दिसतो, आणि पुढचे वेचे कास्तकाराला विचारून लिहिले तर ती पुन्हा आणेवारीच.

2025 च्या खरिपापासून राज्यात पीकविम्याची भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली, म्हणजे हबॅकसारखं नशिबानं निघालेल्या वावरातला तुकडा कापून तोलायचा. समजा, सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला, शेंगा पोचट राहिल्या, कास्तकारानं रोटावेटर फिरवून हरभऱ्याची तयारी केली. प्रयोगासाठी नेमका त्याचाच गट निघाला, तर वावर मोकळं. त्याऐवजी शेजारचं उभं पीक कापलं, की सगळ्यात वाईट वावरं हिशेबातून गळतात आणि महसूल मंडळाची, म्हणजे काही गावांची मिळून, सरासरी वर सरकते. तिनं उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते ती पातळी, ओलांडलं तर भरपाई शून्य, मंडळातल्या सगळ्यांना, ज्यानं रोटावेटर फिरवला त्यालाही.