मालक, ग्रुप आणि बाकीचे: परवानग्यांच्या नऊ बिटांची पार्श्वभूमी

लिनक्स सर्व्हरवर नवा युजर काढायचा, त्याला योग्य त्या ग्रुपमध्ये घालायचं आणि फोल्डरला ७५० हा परवानग्यांचा आकडा देऊन मोकळं व्हायचं. मालकाला सगळं (७), ग्रुपला वाचायला आणि चालवायला (५), बाकीच्यांना काहीच नाही (०). ही मांडणी इतकी अंगवळणी पडली आहे की कुणीतरी एकदाच बसून ती नीट आखली असेल असं वाटतं. तसं झालेलं नाही. मधला ‘ग्रुप’ मागाहून आला, आणि उरलेल्या जागेत बसवला गेला.

मुळात एका मशीनवर एका वेळी एकाचंच काम चालायचं, तेव्हा परवानगीचा प्रश्नच नव्हता. तो उभा राहिला अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात. १९६१ साली फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने सीटीएसएस ही प्रणाली दाखवली. अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून एकच यंत्र वापरायचं, प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. १९६२ मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधकाने यंत्रावरचा जास्त वेळ मिळावा म्हणून पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली. १९६६ मध्ये तर कुणी काही चोरायचीही गरज पडली नाही. एक जण पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा लॉगिनवेळी दिसणारी सूचना. एडिटर दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल बनवायचा. फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. आत कोण आला हे ओळखणं वेगळं आणि आत आल्यावर त्याने कशाला हात लावायचा हे ठरवणं वेगळं, याचा इतका उघड धडा क्वचितच मिळाला असेल.

एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीने दुसरा प्रश्न अगदी मुळापासून सोडवला. प्रत्येक फाइलला स्वतःची यादी: या व्यक्तीला, या प्रकल्पातल्या लोकांना, अमुक इतकं करता येईल. युजरची ओळखच व्यक्ती आणि प्रकल्प अशी जोडून लिहिली जायची. आज ज्याला अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट म्हणतात ती हीच. पण मल्टिक्स अवाढव्य होतं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं.

मग बेल लॅब्जमधल्याच केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी छोट्या यंत्रावर युनिक्स उभं केलं. पुढे लिनक्स बनलं ते याच प्रणालीच्या धर्तीवर. वापरणारे मोजके, एकमेकांना ओळखणारे. तिथे याद्यांचा पसारा कोण मांडणार? १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत मालकाला वाचा-लिहा, इतरांना वाचा-लिहा, फाइल चालवण्याचा एक बिट (म्हणजे हो किंवा नाही सांगणारी खूण) सगळ्यांसाठी सामाईक, आणि सेट-युआयडी नावाचा आणखी एक. बस्स. दोघांनी १९७४ साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात सात बिटांचं वर्णन आहे: मालकाला तीन, इतर सर्वांना तीन, सातवा सेट-युआयडीचा. ग्रुपचा उल्लेखही नाही. हा सातवा बिट मात्र रिचींची खरी करामत. त्यामुळे प्रोग्राम चालवणाऱ्याला तेवढ्यापुरता प्रोग्रामच्या मालकाचा अधिकार मिळतो. आजही साधा युजर आपला पासवर्ड बदलू शकतो तो याच जोरावर. त्याचं पेटंट १९७९ मध्ये मंजूर झालं.

१९७५ च्या सहाव्या आवृत्तीत मात्र नऊ बिट दिसतात: मालक, ग्रुप, बाकीचे, प्रत्येकी तीन. प्रत्येक फाइलमागे परवानग्या आणि प्रकार नोंदवायला सोळा बिटांचा एक शब्द होता. त्यात नऊ परवानग्यांचे, तीन सेट-युआयडीसारखे खास, उरलेले चार फाइलचा प्रकार, आकार आणि ती नोंद वापरात आहे का यासाठी. सोळाच्या सोळा भरले. चौथी पायरी काढायला जागाच नव्हती. युजरचा आणि ग्रुपचा क्रमांक एकेका बाइटमध्ये, म्हणजे २५५ पर्यंतच.

दुसरी अडचण जास्त जाचक होती: एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहता यायचं. दोन प्रकल्पांवर काम असेल तर कमांड देऊन ग्रुप बदलायचा, दुसऱ्याचं काम झालं की परत यायचं. बर्कली विद्यापीठाच्या ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीने १९८३ मध्ये एका युजरला एकाच वेळी अनेक ग्रुप दिले. आज आपण बिनदिक्कत एकाला पाच ग्रुपमध्ये टाकतो ते तेव्हापासून.

तपासणीचा क्रम मात्र तसाच राहिला. आधी मालक, मग ग्रुप, मग बाकीचे. पहिल्या लागू पडणाऱ्या पायरीवर निकाल लागतो, पुढे बघितलं जात नाही. फाइलला ०६६ दिलं तर बाकी सगळं जग ती वाचू-लिहू शकतं आणि मालक बाहेर! ७०५ दिलं तर नेमका तो एकच ग्रुप वगळला जातो. नवख्यांना ही गडबड वाटते, पण ज्याने वगळण्यासाठी मुद्दाम ग्रुप काढलाय त्याला हीच सोय.

ग्रुप म्हणजे सत्तेची वाटणी, तेव्हा भांडणही आलंच. बीएसडीत रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, व्हायचं तर ‘व्हील’ ग्रुपमध्ये असावं लागे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांना हे मूठभरांचं राज्य वाटलं आणि रूट व्हायला वापरल्या जाणाऱ्या ग्नूच्या ‘एसयू’ या कमांडने व्हीलला पाठिंबा का दिला नाही, हे त्यांनी थेट मॅन्युअलमध्येच लिहून ठेवलं. तत्त्व म्हणून ते ऐकायला छान आहे. पगाराच्या फाइली असलेल्या सर्व्हरवर कुणी ते पाळेल असं मला वाटत नाही.

विंडोजची वाट वेगळी. विंडोज ९५ वर लॉगिनच्या चौकटीत एस्केप दाबलं की आत! १९९३ च्या विंडोज एनटीत मात्र डिजिटल कंपनीतून आलेल्या डेव्ह कटलर यांच्या चमूने मल्टिक्ससारखी यादी प्रत्येक फाइलला जोडली. सोय होती, पण नव्या शेअरला, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरला, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ ही सुरुवातीची सेटिंग ठेवली. २००३ च्या सर्व्हरमध्ये ती नुसत्या वाचण्यापुरती झाली, तोवर कित्येक ऑफिसांचे शेअर सताड उघडे होते.

युनिक्सच्या जगातही याद्यांचं मानक ठरवायचा प्रयत्न झाला. पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाचा तो मसुदा १९९८ मध्ये मागे घेतला गेला, तरी लिनक्सने त्याच मसुद्यावरून २००२ मध्ये याद्या घेतल्या. नऊ बिट मात्र हटले नाहीत. एनएफएसवरून, म्हणजे दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्याच्या पद्धतीने, फोल्डर जोडणाऱ्यांना जुन्या मर्यादेचा एक तुकडा अजून भेटतो: नेहमीच्या ओळखपद्धतीत सर्व्हरला जाणाऱ्या निरोपाबरोबर फार तर सोळा जादा ग्रुप जातात. सतराव्या ग्रुपमधला युजर यादीत व्यवस्थित दिसतो, परवानगी बरोबर असते, आणि फाइल काही उघडत नाही.